रिपोर्टात ‘मॅच’ आलंय, आता उलटतपासात विचारू काय?

पत्र थोडक्यात असं आहे (गाव आणि नात्यातले काही तपशील बदललेत). मराठवाड्यातल्या एका जिल्हा कोर्टात साडेतीन वर्षं प्रॅक्टिस करणारी एक वकील मैत्रीण लिहिते. बी.कॉम. करून लॉ केलं, दहावीनंतर सायन्सचं पुस्तक उघडलेलं नाही. सीनियरांनी २०२३ मधल्या एका खुनाच्या केसची फाइल दिलीय, आरोपीच्या बाजूने. एकाच वाड्यात राहणाऱ्या चुलत दिराने वहिनीला मारलं असा आरोप आहे, डोळ्यांनी बघणारं कोणी नाही. सीए (सरकारी लॅबच्या केमिकल ॲनालायझरच्या) रिपोर्टात दोन गोष्टी आल्यात: आरोपीच्या शर्टावरचं रक्त मयताचं निघालं, आणि मयताच्या नखांतून निघालेलं पुरुषाचं प्रोफाइल आरोपीशी १७ पैकी १७ लोकसवर (डीएनएवरच्या तपासायच्या ठरलेल्या जागांवर) जुळलं. आरोपीचं म्हणणं, तिला उचलून जीपमध्ये मीच घातलं आणि दवाखान्यात मीच नेलं. नखं पोस्टमॉर्टेमच्या (पीएमच्या) दिवशी घेतली, लॅबला पोचली १९ दिवसांनी. पुढच्या महिन्यात लॅबच्या एक्सपर्टची साक्ष आहे आणि सीनियर म्हणाले, “डीएनए तू बघ, मला त्यातलं काही कळत नाही.” मैत्रीण विचारते: शर्टाला १५ आणि नखांना १७ लोकस जुळलेत म्हणजे नखांचा पुरावा तर जास्तच भारी, मग उरलं काय? सायन्स नसताना एक्सपर्टसमोर उभी राहिले तर हसं होईल का? आणि ६० हजार भरून एक वर्षाचा ऑनलाइन फॉरेन्सिक डिप्लोमा करू का, त्यासाठी बांगड्या गहाण ठेवायची तयारी आहे.

---

अगं, तुझं सगळं पत्र वाचून झालं आणि मी परत परत एकाच शब्दावर येऊन थांबले, ‘चुलत दीर’. तू तो ओघात लिहून पुढे गेलीस, पण तुझ्या केसमधला निम्मा डीएनए त्या एका नात्यात बसलाय. आणि ते कळायला डिप्लोमा लागत नाही, भावकी कळली की पुरे, ती तर आपल्या कोर्टात बसणाऱ्या शिपायापासून सगळ्यांना कळते.

रिपोर्ट समोर घे आणि नखांचा तक्ता उघड. डावीकडच्या रकान्यातली नावं बघ, डीवायएस १९, डीवायएस ३९० अशी सगळी किंवा जवळपास सगळी ‘डीवायएस’ने सुरू होत असतील आणि समोर बहुतेक ठिकाणी एकच आकडा असेल. आता शर्टाचा तक्ता बघ. तिथे डी२१एस११, एफजीए, टीएच०१ अशी नावं आणि समोर बहुतेक ओळींत दोन-दोन आकडे. दोन्ही तक्ते एकाच रिपोर्टात एकाखाली एक छापलेत, दोन्हीच्या शेवटी ‘मॅच’ म्हटलंय, म्हणून तू १५ आणि १७ ची तुलना केलीस. पण ते एका तराजूत घालायचे आकडेच नाहीत.

शर्टाच्या तक्त्यातले दोन आकडे म्हणजे एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. दर लोकसला पत्ते नव्याने पिसले जातात, त्यामुळे पंधराच्या पंधरा ठिकाणी जुळलं की ते दुसऱ्या कोणाचं असायची शक्यता इतकी बारीक होते (एकसारखी जुळी सोड) की त्यावर वाद घालणं म्हणजे कोर्टाचा वेळ खाणं. नखांचा तक्ता मात्र वाय गुणसूत्राचा आहे आणि वाय म्हणजे आडनाव समज. आजोबाकडून बापाला, बापाकडून मुलाला, जसंच्या तसं. कधीमधी एखाद्या लोकसवर आकडा बदलतो, पण बदलेलच असं धरून चालता येत नाही. म्हणजे १७ पैकी १७ जुळलं याचा अर्थ एवढाच की हे प्रोफाइल आरोपीचं असू शकतं किंवा त्याच्याच बापवंशातल्या दुसऱ्या कुठल्याही पुरुषाचं. आणि तुझ्या केसमध्ये त्या वंशातला दुसरा पुरुष कोण? मयताचा सख्खा नवरा! आरोपीचा आणि त्याचा आजोबा एकच. ती ज्या माणसाबरोबर संसार करत होती, ज्याचे कपडे धूत होती, त्याचं वाय प्रोफाइल आरोपीसारखंच असायची दाट शक्यता आहे.

आता लॅबने चूक केली असं लगेच म्हणू नकोस हं. बाईच्या नखांत तिचा स्वतःचाच डीएनए इतका असतो की त्यात पुरुषाचा चिमूटभर अंश बुडून जातो, म्हणून फक्त पुरुषाचं तेवढं वेचणारी वाय टेस्ट करतात, पद्धत योग्यच आहे. प्रश्न आहे तो तिच्यावरून काय म्हणता येतं याचा, आणि तपासाने नवऱ्याचा नमुना पाठवला होता की नाही याचा. तो पाठवला नसेल तर तुझा उलटतपास चार प्रश्नांचा आहे. वाय प्रोफाइल बापाकडून मुलाकडे येतं, बरोबर? एकाच आजोबांच्या नातवांचं ते सारखं असू शकतं? मयताच्या नवऱ्याचा नमुना तुमच्याकडे तपासायला आला नव्हता? मग नखांतलं प्रोफाइल नवऱ्याचं नाही असं या रिपोर्टावरून सांगता येणार नाही, बरोबर?

आणि खाली बस. पाचवा प्रश्न विचारायचा मोह होईल, “म्हणजे ते नवऱ्याचंच आहे ना?” असा, तो गिळ. आणि हुशारी करून नवऱ्याचा नमुना घ्या किंवा नखांची दुसरी टेस्ट करा असा अर्ज सीनियरांना न विचारता टाकू नकोस, काय निघेल ते तुला माहीत नाही आणि निघालेलं परत पोटात घालता येत नाही.

बरं, समज प्रोफाइल आरोपीचंच असलं, तरी ते नखांत आलं कसं हे रिपोर्ट सांगत नाही, सांगूच शकत नाही. २०१२ सालची कॅलिफोर्नियातली एक केस आहे, खून झालेल्या माणसाच्या नखांत एका बेघर माणसाचा डीएनए सापडला, त्याला पकडलं, खुनाचा आरोप ठेवला, आणि पुढे कळलं की खून झाला त्या रात्री तो दारूच्या नशेत हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होता! झालं असं होतं की ज्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला संध्याकाळी हॉस्पिटलात नेलं तेच काही तासांनी खुनाच्या जागी गेले आणि त्यांच्याबरोबर त्याचा अंशही गेला. तोवर हा माणूस काही महिने तुरुंगात काढून बसला होता. तुझ्या केसमध्ये तर एक वाडा, एक न्हाणीघर, दोरीवर एकत्र वाळणारे कपडे. त्यातून आरोपी म्हणतो मी तिला उचललं.

आता शर्टाकडे येऊ, कारण इथे तू नको तिथे ताकद लावायच्या बेतात आहेस असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं. तू लिहिलंस की शर्टाच्या रिपोर्टात काही भेसळ, काही चूक दाखवता येईल का ते शोधतेय. कशाला? तुझा माणूसच म्हणतोय की रक्ताने भरलेल्या बाईला मी उचलून जीपमध्ये घातलं, मग त्याच्या शर्टावर तिचं रक्त नसतं तर ते नवल होतं. शर्टावरचं रक्त तिचं आहे ही तुझीच बाजू आहे. एका तोंडाने ‘मी उचललं’ आणि दुसऱ्या तोंडाने ‘ते रक्त तिचं नाहीच, लॅबने घोळ केला’ असं म्हणालीस तर जज दोन्हीवरचा विश्वास काढून घेतील. हे मी नवीन वकिलांमध्ये नेहमी बघते, डीएनए म्हटलं की खोडायचाच, मग तो आपल्या कामाचा का असेना.

मग शर्टाबाबत करायचं काय? दवाखान्याचं कॅज्युअल्टी रजिस्टर आणि एमएलसीचे (पोलीस केस म्हणून नोंदलेल्या पेशंटचे) कागद काढ आणि ‘कोणी आणलं’ या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बघ. त्या एका ओळीचं वजन पंधरा लोकसपेक्षा जास्त असू शकतं. जीपवाल्याचा जबाब घेतलाय का? शर्टाच्या पंचनाम्यात डाग कुठे लिहिलेत, छातीवर आणि बाहीवर पसरलेले की बारीक शिंतोडे? एक्सपर्टला विचार की रक्त उचलताना लागलं की मारताना उडालं हे डीएनए टेस्टवरून सांगता येतं का. प्रामाणिक एक्सपर्ट नाही म्हणेल, कारण ‘कोणाचं’ हा त्यांचा प्रांत, ‘कसं आलं’ हा नाही.

१९ दिवसांचा मुद्दा शर्टावर खर्च करू नकोस, नखांवर कर. नखं पीएमला घेतली त्या दिवशी पाकिटावर सील कोणाचं, मुद्देमाल रजिस्टरला एंट्री किती वाजताची, १९ दिवस पाकीट कुठे होतं, लॅबला नेणारा पोलीस कोण, त्याचा जबाब आहे का, आणि लॅबच्या पोचपावतीवर सील जसंच्या तसं असल्याचं लिहिलंय का. आरोपीचं रक्त कधी घेतलं आणि ते याच बॅगेतून गेलं का, हे तर नक्की बघ. यात सायन्स कुठे आलं सांग? हे सगळं तू साध्या चोरीच्या केसमध्ये रोज करतेस.

आणि सुप्रीम कोर्टात डीएनए ज्या केसेसमध्ये आडवा पडलाय तिथे तो बहुतेक याच साध्या कागदांवर पडलाय. दिल्लीची छावला केस, नोव्हेंबर २०२२, फाशीची शिक्षा झालेले तिघे सुटले, त्यात नमुने ११ दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते आणि शिवाय कोर्टाने म्हटलं की रिपोर्ट कशाच्या आधारावर आला, तंत्र नीट वापरलं का, हे खालच्या दोन्ही कोर्टांनी तपासलंच नाही. त्या बेंचवर सरन्यायाधीश उदय लळीत होते. आपल्या ठाणे जिल्ह्यातली प्रकाश निषाद केस, मे २०२३, तीही फाशीची, तिथेही नमुने लगेच गेले नाहीत आणि उशिराचं कारण कोणी दिलं नाही. मग जुलै २०२५ मध्ये कट्टवेल्लई केसमध्ये तर कोर्टाने सगळ्या राज्यांसाठी नियमच घालून दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत लॅबला पोचवायची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची, उशीर झाला तर कारण केस डायरीत, खटला किंवा अपील चालू असताना ठेवलेलं पाकीट ट्रायल कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि नमुना हातोहात कसा गेला त्याचं रजिस्टर कोर्टाच्या रेकॉर्डला जोडायचं. तुझी केस २०२३ ची आहे, त्यामुळे ४८ तासांवर बोट ठेवून भांडता येणार नाही, पण कोर्टाला हे का करावं लागलं त्याची कारणं तुझ्याही केसला लागू आहेत. तिन्ही निकाल नेटवर फुकट मिळतात, पूर्ण वाच, हेडनोटवर (वर दिलेल्या सारांशावर) भागवू नकोस.

आता हसं होईल या भीतीबद्दल. माझं झालेलं आहे, सांगते. डीएनए एक्सपर्टचा माझा पहिला उलटतपास होता आणि सीनियरांनी शिकवल्याप्रमाणे मी चाळीस मिनिटं त्या बाईंची डिग्री, प्रमोशन, किती केसेसमध्ये साक्ष दिली असलंच विचारत बसले, जजसाहेब घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी मी ठेवणीतला प्रश्न काढला, “लॅबमध्ये चूक होऊ शकते की नाही?” बाई शांतपणे म्हणाल्या, “होऊ शकते, म्हणून तर आम्ही प्रत्येक बॅचबरोबर कोरा नमुना चालवतो.” आणि माझ्याकडे पुढचा प्रश्नच नव्हता, कारण कोरा नमुना म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं! ‘नो मोअर क्वेश्चन्स’ म्हणून बसले.

केसचा निकाल लागल्यावर बऱ्याच महिन्यांनी त्याच बाई एका कार्यशाळेत भेटल्या, वकील आणि लॅबचे लोक एकत्र बसवले होते. चहाच्या वेळी हसत म्हणाल्या, तुम्ही त्या कोऱ्या नमुन्याचा ग्राफ मागायला हवा होता. कोरा नमुना म्हणजे ज्यात डीएनए घातलेलाच नाही अशी नळी, ती सगळ्या प्रक्रियेतून बाकीच्यांबरोबर जाते, शेवटी तिच्यात काहीच दिसता कामा नये, दिसलं तर कुठूनतरी भेसळ शिरलीय. एवढंच! दोन वाक्यांची गोष्ट, आणि मी चाळीस मिनिटं डिग्री विचारत होते.

त्या दिवसाने मला जे दिलं ते कुठल्या सर्टिफिकेटने दिलं नाही. दुपारी आम्हाला ग्राफचे कागद वाटले, शिखरं मोजायला सांगितली, एका माणसाची असतील तर एका लोकसवर जास्तीत जास्त दोन, तीन-चार दिसायला लागली की मिश्रण आहे असं समजून सावध व्हायचं. मग खोटा उलटतपास घेतला, आधी सायंटिस्ट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, नंतर अदलाबदल करून वकील पिंजऱ्यात आणि सायंटिस्ट उलटतपासाला. पिंजऱ्यातला एक तरुण सायंटिस्ट मराठीत ‘मिक्स प्रोफाइल’ समजावता समजावता घामाघूम झाला, शेवटी म्हणाला, “साहेब, दोन घरच्या आमट्या एका पातेल्यात ओतल्यात, आता कुठली डाळ कोणाची ते विचारताय.” जजच्या भूमिकेत बसलेल्या आमच्या मित्राला तेव्हा कुठे कळलं.

तर तुझ्यासाठी माझं म्हणणं, डिप्लोमा आत्ता नको आणि बांगड्या तर मुळीच मोडू नकोस, गहाणही ठेवू नकोस. डिप्लोमात बोटांचे ठसे, हस्ताक्षर, विष, सायबर सगळं थोडं थोडं असतं आणि तुझी साक्ष पुढच्या महिन्यात आहे. आत्ता तुला एक फाइल शिकायचीय. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीने २०१७ मध्ये न्यायाधीशांसाठी डीएनएवर एक छोटी पुस्तिका काढलीय, फुकट आहे, इंग्रजी सोपं आहे, दोन रविवारी होते. वाचताना तुझा रिपोर्ट शेजारी ठेव आणि जो शब्द आला तो रिपोर्टात शोध. जवळच्या कॉलेजातले झूऑलॉजीचे किंवा बायोटेकचे कोणी सर-मॅडम गाठ आणि नावं झाकून तक्ता दाखव, एका तासात समजावतील, आवडीने समजावतात, कोणी विचारत नाही बिचाऱ्यांना. छत्रपती संभाजीनगरला सरकारी न्यायवैद्यक संस्था आहे, तिथल्या शिक्षकांकडे सीनियरांचं पत्र घेऊन जाता येईल. पुढे खरंच या विषयात शिरायचं ठरवलंस तर गोष्ट वेगळी, मग कर कोर्स, पण तेव्हा आधी विचार की प्रत्यक्ष ग्राफ वाचायला देतात का, खोटा उलटतपास घेतात का, की नुसते व्हिडिओ आणि एमसीक्यू आहेत.

एक अर्ज मात्र या आठवड्यात टाक. रिपोर्टाच्या मागचे कागद मागव: ग्राफ म्हणजे इलेक्ट्रोफेरोग्राम, वर्कशीट, कोऱ्या नमुन्याचा निकाल, आणि मॅच किती दुर्मिळ आहे त्याचा काही आकडा काढला असेल तर तो. आपल्याकडे दोन-तीन पानांचा रिपोर्ट येतो आणि तेवढ्यावर सगळे भागवतात. तुझी ट्रायल जुन्या कायद्याखाली, म्हणजे सीआरपीसीखाली, सुरू झालेली दिसते म्हणून कलम ९१ (नव्यात, म्हणजे बीएनएसएसमध्ये, ९४). आणि तुझ्या केसमध्ये एक्सपर्ट येतोय हे नशीब समज. २९३ खाली, आताच्या ३२९ खाली, सरकारी एक्सपर्टचा रिपोर्ट त्याला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, आणि कितीतरी वकील तर ‘हा कागद मान्य आहे का’ असं विचारणाऱ्या २९४ च्या अर्जावर ‘ॲडमिटेड’ लिहून मोकळे होतात, डीएनए रिपोर्टावरसुद्धा! मध्य प्रदेशात खंडव्याच्या एका केसमध्ये २०१३ साली आरोप ठेवल्यापासून १३ दिवसांत फाशीची शिक्षा झाली, मग ती केस वरच्या कोर्टांतून दोनदा परत आली, दुसऱ्यांदा तर सायंटिस्टची साक्षच झाली नाही म्हणून, आणि शेवटी २०२४ मध्ये आरोपी निर्दोष सुटला. ११ वर्षं आत.

हे सदर लॅबमधली मंडळी पण वाचतात, त्यांच्याकडून मेल येतात, म्हणून दोन शब्द त्यांनाही. समन्स आलं की तुमच्या पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे, रात्रभर एसटीने यायचं, दिवसभर पॅसेजमध्ये बसायचं आणि चार वाजता ‘पुढची तारीख’ ऐकून परत जायचं. तरी पूर्ण केस फाइल घेऊन या, नुसता रिपोर्ट नाही. वकिलाने ‘१०० टक्के त्याचंच ना?’ विचारलं, मग तो सरकारी वकील का असेना, तर टक्क्यात अडकू नका, काय तपासलं आणि त्यावरून काय म्हणता येतं तेवढं सांगा. वाय टेस्ट असेल तर ‘आरोपीशी मॅच’ एवढंच न लिहिता ‘आरोपी किंवा त्याच्या बापवंशातला कोणीही पुरुष’ असं रिपोर्टातच लिहा ना, आमचे अर्धे उलटतपास वाचतील.

आणि मैत्रिणी, एक अवघड गोष्ट राहिली. कागद आले, ग्राफ स्वच्छ आहे, सील धडधाकट आहे, आणि रजिस्टरला ‘आणणारा’ म्हणून दुसऱ्याच कोणाचं नाव आहे असं निघालं तर? तर ते सीनियरांना आणि आरोपीला स्पष्ट सांगणं हेही तुझंच काम आहे. सायन्स कळलं की कुठे भांडायचं ते कळतं तसं कुठे भांडण्यात दम नाही तेही कळतं, आणि क्लायंटला ते वेळेत कळायला हवं. डीएनए कोणाची बाजू घेत नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ दोन मुलींच्या खुनाचा तपास चालू होता, १९८६ साल, १७ वर्षांच्या एका मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुलीसुद्धा दिली होती, पोलीस निवांत झाले होते. ॲलेक जेफ्रीज यांनी टेस्ट केली आणि निघालं की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत आणि तो हा मुलगा नाही. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला तेव्हा आधी एक निरपराध सुटला, खरा खुनी नंतर सापडला.

सोमवारी तो कागद मागवायचा अर्ज टाक, दवाखान्याचं रजिस्टर आधी बघ. आणि नवऱ्याचा नमुना घेतला होता की नाही हे तू पत्रात लिहिलंच नाहीस, चार्जशीटमधली लॅबला पाठवल्याची यादी काढून ते मला कळव, त्यावर वरचे चार प्रश्न बदलतील.